अलीकडच्या चार रांगा

कचेरीत तिला सगळे हद्दबाई म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते असं चिकटलं होतं की खऱ्या नावाने फोन आला तर शिपाई "अशा इथे कुणी नाहीत" म्हणून ठेवून द्यायचा. काम तसंच होतं. मतदारसंघांच्या फेरआखणीसाठी नेमलेल्या आयोगाची ही कचेरी. नकाशे काढणारे वेगळे, माणसांचे आणि मतांचे आकडे लावणारे वेगळे, आणि त्यांनी मिळून ओढलेली रेघ शब्दांत उतरवायची ती हद्दबाईने. 'रेल्वे फाटकापासून पूर्वेस पाण्याच्या टाकीपर्यंत, तेथून रस्त्याच्या मध्यातून दक्षिणेस', अशी पानंच्या पानं. वाचणाऱ्याला झोप यावी असं ते लिखाण. पण कायद्यात एक कलम होतं: नकाशा आणि वर्णन यांत फरक निघाला तर वर्णन खरं. नकाशावरची रेघ बोटाएवढी जाड, तिच्याखाली अख्खी गल्ली दडते. शब्दाखाली काही दडत नाही, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असावं. त्यांनी शब्दांशी फार संसार केलेला नसावा.

हद्दबाईचा स्वतःचा एक कडक नियम होता. वर्णनात उजवं-डावं नाही, पुढे-मागे नाही, अलीकडे-पलीकडे तर मुळीच नाही. फक्त दिशा. कुणी नवख्याने 'शाळेसमोरील घरे' असं लिहिलं की ती चष्म्यावरून बघत विचारायची, "समोर म्हणजे कुणाच्या समोर? शाळा पाठ फिरवून बसली तर?" मग "बाईंनी हद्द केली" असं पुटपुटत बिचारा सगळं पुन्हा लिहायचा.

आणि नेमका तिनेच घोळ घातला.

त्या शहरातून एक कालवा जातो. गिरणी चालू होती तेव्हा मालकाने त्याच्या दोन्ही काठांवर घरं बांधली. एका काठावर कामगारांसाठी खोल्यांच्या चार रांगा, दुसऱ्या, म्हणजे शहराच्या काठावर अधिकाऱ्यांसाठी बंगल्यांच्या चार रांगा. गिरणी बंद पडून जमाना झाला. कालव्याचं पाणी तेव्हापासून साचलेलंच आहे. ते कोणत्या बाजूला वाहत होतं हे सांगायलाही आता म्हातारं माणूस शोधावं लागतं. हद्दबाई जन्मली ती कामगारांच्या दुसऱ्या रांगेत, आणि लग्न होऊन गेली शहराच्या काठावर. मधे पूल एवढासा, पण सासरचं माणूस त्यावरून कधी उलटं चालत आलं नाही.

कामगारांच्या रांगांत एक गंमत होती. तिथली माणसं आपल्या काठाला 'अलीकडे' म्हणत. कुठेही उभी असोत. शहरातल्या बाजारात पिशव्या भरून झाल्या की बायका म्हणत, "चला गं, अलीकडे जाऊ." दुकानदार हसत, "अहो, अलीकडेच तर उभ्या आहात." त्यांना कळायचं नाही की ही दिशा नाही, हे घराचं नाव आहे. हद्दबाईचा दादा आजही त्याच दुसऱ्या रांगेत राहायचा, कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या करायचा, आणि बहिणीला ठरलेला टोमणा मारायचा: "अलीकडे तू अलीकडे येत नाहीस." त्यात खोटं काही नव्हतं.

दादा विरोधी पक्षाचा माणूस. पद कसलंच नाही, पण निवडणूक आली की भिंती रंगवणं, म्हाताऱ्यांना हाताला धरून मतदानाला नेणं, सगळं त्याच्याकडे. यंदा त्याचा जीव फारच टांगणीला लागला होता, आणि कारण घरातच होतं. वहिनीची मूत्रपिंडं गेली होती. एक दिवसाआड तिला गिरणीच्या दवाखान्यात यंत्राला लावत, म्हणून ती चालतीबोलती होती. सत्ताधाऱ्यांनी तो दवाखाना बंद करून टेकडीमागच्या मोठ्या इस्पितळात मिसळायचं ठरवलं होतं. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागत, आणि यंत्रावरून उठलेल्या माणसाला दोन बस झेपत नाहीत. विरोधी पक्ष म्हणत होता, आम्ही आलो तर दवाखाना राहील. आता विधानसभेत दोन्ही बाजूंचं बळ इतकं सारखं होतं की गिरणी मतदारसंघ ज्याचा, सरकार त्याचं, हे चहाच्या टपरीवरचं पोरसुद्धा सांगत होतं.

अशा दिवसांत आयोगाच्या सचिवसाहेबांनी हद्दबाईच्या टेबलावर नवा नकाशा ठेवला. कामगारांच्या चारही रांगा गिरणी मतदारसंघातून काढून टेकडी मतदारसंघाला जोडल्या होत्या. टेकडीवर सत्ताधाऱ्यांची मतं इतकी, की त्यांत ह्या चार रांगा कुठे विरघळल्या ते कळलंही नसतं.

"साहेब, ह्या रांगा गिरणीच्या भिंतीला लागून आहेत," ती म्हणाली. "टेकडीचा आणि त्यांचा संबंध काय?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांची नेमणूक कुणी केली हे त्यांना आठवत असे, एवढंच. ते म्हणाले, "बाई, मूठभर मीठ एका हंड्यात टाकलं तर पाणी खारट होतं. तेच विहिरीत टाकलं तर कुणाला चवही कळत नाही. लोकसंख्या समान ठेवायची, बाकी कायदा काही विचारत नाही. तुम्ही वर्णन लिहा."

तिचं बोट नकाशावरच्या दुसऱ्या रांगेवर थांबलं. पण तिच्याकडे अशा वेळेसाठी जुनं औषध होतं: रेघ मी काढत नाही, मी फक्त लिहिते. तेवीस मतदारसंघ तिने असेच लिहिले होते, आणि त्यांतही कुणाकुणाचं घर कापलं गेलं असणारच. ती लिहायला बसली.

तिथेच कालव्याने दगा दिला. त्या जागी तो इतका नागमोडी वळतो की प्रत्येक काठ कधी उत्तरेला येतो, कधी दक्षिणेला. दिशा लिहून बघितली, खोडली. पाणी वाहत असतं तर डावा तीर, उजवा तीर म्हणता आलं असतं. पाणी हलत नव्हतं. साहेब दोनदा येऊन घड्याळ बघून गेले. ओळीओळीला तिला ती घरं दिसत होती, दाराबाहेरचे नळ, दादाचं दुकान. हात चालवायचा आणि डोळे मिटायचे अशी काहीतरी तिची अवस्था होती. तिने लिहिलं: 'गिरणी मतदारसंघातून कालव्याच्या अलीकडच्या चार रांगा वगळून त्या टेकडी मतदारसंघात समाविष्ट.' साहेबांनी वाचलं. कोणत्या रांगा कापायच्या आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक असल्यामुळे त्यांना तेच दिसलं, आणि त्यांनी सही केली.

राजपत्र निघालं. हरकतींची मुदत गेली. मग मतदार याद्या करणाऱ्या खात्यातल्या कुणा कारकुनाने ते वाक्य वाचलं. तो शहराच्या काठावर बसला होता. त्याच्या अलीकडे बंगल्यांच्या चार रांगा होत्या. त्याने त्या उचलून टेकडीला टाकल्या आणि कामगारांच्या रांगा गिरणीत राहू दिल्या.

याद्या भिंतीवर लागल्या त्या दिवशी दोन्ही काठांवर हलकल्लोळ झाला. बंगल्यांतली मतं सत्ताधाऱ्यांची. ती गेल्यावर गिरणीची जागा त्यांच्या हातून गेल्यात जमा होती, आणि तिच्याबरोबर राज्यही. ते तडक कोर्टात गेले. 'अलीकडच्या' म्हणजे नकाशात दाखवलेल्या कामगारांच्याच रांगा, असं त्यांचं म्हणणं. विरोधक म्हणाले, कलम वाचा. नकाशा नाही, शब्द खरा. आता शब्द कोणत्या काठावरून वाचायचा, एवढाच प्रश्न उरला.

हद्दबाईची पाचावर धारण बसली. आपण काय लिहून ठेवलंय ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं शहरात राहून, शहरातल्या खुर्चीवर बसून, तिचं अलीकडे होतं तिथेच राहिलं होतं.

त्या संध्याकाळी दादा तिच्या घरी आला. कित्येक वर्षांत पूल ओलांडून आला नव्हता. दारातच उभा राहिला, चपला काढू की नको करत. मग खुर्चीच्या कडेवर टेकला आणि हळूच म्हणाला, "मुद्दाम लिहिलंस ना?"

"काय?"

"अगं, मला काय सांगतेस. एवढी काटेकोर तू, तुझ्या हातून चूक होते होय? आमच्यासाठी लिहिलंस." त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तो इकडेतिकडे बघत होता. "हिला मी सांगितलं. म्हटलं, धाकटी आपली बोलत नाही, पण विसरली नाही. कुणापाशी बोलणार नाही, घाबरू नकोस."

दादाने तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं, म्हणजे अगदी लहानपणी सोडल्यास कधीच नाही. त्या नजरेचा मोह तिला आवरला नाही. ती म्हणाली, "चहा घेतोस?" कुणापाशी न बोलणाऱ्या दादाने दुसऱ्या दिवसापर्यंत चारही रांगांत कानोकानी सांगून टाकलं होतं.

साक्षीचं बोलावणं आलं तेव्हा साहेब तिला केबिनमध्ये बसवून अगदी मायेने म्हणाले, "बाई, कुणी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाहीये. नकाशा तुमच्या समोर होता. कोणत्या रांगांबद्दल लिहिलं, खरं ते सांगायचं. खऱ्याला कसली भीती?" खरं त्यांच्या बाजूचं होतं, हीच तर पंचाईत होती. आयुष्यभर तिने एक अक्षर वाकडं लिहिलं नव्हतं, आणि आज सरळ बोललं तर वहिनीच्या नशिबी दोन बस येत होत्या.

कोर्टात दादा आणि वहिनी दुसऱ्या बाकावर बसली होती. वहिनीच्या हातावरची सुयांची जागा अजून बांधलेली होती. यंत्रावरून उठून सरळ आली होती, नणंदेला धीर द्यायला.

न्यायाधीश बाईंनी आधी स्वतःच विचारलं, "हे वाक्य लिहिताना तुम्ही मनाने कोणत्या काठावर उभ्या होता?"

"शहराच्या," हद्दबाई म्हणाली. "कचेरी शहराच्या काठावर आहे. अलीकडच्या म्हणजे बंगल्यांच्या."

शपथ घेऊन बोललेलं तिचं हे पहिलं खोटं. आवाज कापला नाही, ह्याचं तिलाच नवल वाटलं.

सत्ताधाऱ्यांचे वकील उठले. माणूस हुशार होता, त्याने घरचा अभ्यास केला होता. "बाई, तुमचा जन्म कुठला?"

"कामगारांच्या दुसऱ्या रांगेतला."

"तिथली माणसं अलीकडे कशाला म्हणतात?"

"त्यांच्या काठाला."

"त्यांच्या. तुमच्या नव्हे?"

"मी आता तिथली नाही."

"लहानपणची भाषा अशी सुटते होय?"

"मी सोडली," ती म्हणाली. "सासरी हसायचे. मला त्या बोलण्याची लाज वाटायची. वर्षभरात मी ते टाकून दिलं." हे खरं होतं. खोट्याच्या मदतीला खरं असं धावून आलं, आणि मग थांबेना.

"पण भाऊ तिथे आहे. जाणं-येणं असेल."

"नावापुरतं. बोलावलं तर जाते. आमचे आता मार्ग वेगळे आहेत, साहेब. ते लोक वेगळे, आम्ही वेगळे. माझ्या मुलांना ती रांग दाखवायला मी कधी नेलं नाही. ती सगळी वस्ती माझ्यासाठी पलीकडची आहे, लग्न झालं त्या दिवसापासून."

वकिलाने आणखी दोन-तीन वेळा खोदून पाहिलं, पण असल्या माणसाचा त्याला रोजचा परिचय होता. वर चढलेलं आणि मागे वळून न बघणारं माणूस कुणालाही चटकन पटतं. न्यायाधीश बाईंनी मान हलवत लिहून घेतलं. हद्दबाईने खाली उतरताना बाकाकडे बघितलं. दादा चष्मा पुसत होता. पुसून झाला तरी त्याने तो घातला नाही.

निकाल शब्दाच्या बाजूने लागला. निवडणूक झाली, गिरणीची जागा विरोधकांनी जिंकली, आणि सरकार बदललं. बंगल्यांतली माणसं मतदानासाठी टेकडी चढून गेली आणि आपल्याला कुणी का हलवलं हे त्यांना कुणीच धड सांगू शकलं नाही. त्यांचाही काही गुन्हा नव्हता. नव्या सरकारने आल्या आल्या दवाखान्याचा आदेश फिरवला. ह्या सगळ्या दिवसांत दादाचा एकही फोन आला नाही. तिने केला तर वहिनी उचलायची आणि "ते कामात आहेत" म्हणायची. तिच्या आवाजात राग नव्हता, अवघडलेपण होतं, आणि ते जास्त बोचायचं.

हद्दबाईला वाटलं, आता सगळं पार पडलंय, आता खरं सांगून टाकावं. कोर्टात जे बोलले त्यातलं काही मनातलं नव्हतं, एवढं दादाला कळलं की झालं. ह्या विचाराने तिला इतकं हलकं वाटलं की रविवारी दुपारी ती पूल जवळजवळ पळतच उतरली.

दादा दाराशी बसून किल्ली घासत होता. त्याने मान वर केली, "ये" म्हणाला आणि पुन्हा कानस चालवायला लागला. वहिनी आत पडली होती ती उठून बसली. हद्दबाई उंबऱ्यावरच टेकली.

"दादा, मी कोर्टात खोटं बोलले."

कानस थांबली. "काय खोटं?"

"सगळंच रे. मी शहराच्या काठावर उभी नव्हते. माझं अलीकडे अजून इथेच आहे. लिहिताना हेच मनात होतं, हीच रांग, तुझं दुकान, तो नळ. शहराचा काठ माझ्या ध्यानीमनीसुद्धा नव्हता. तिथे तसं बोलावं लागलं, नाहीतर त्यांना पटलं नसतं."

दादाने किल्ली खाली ठेवली. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. "ऐकलंस का गं?" तो आत बघून म्हणाला. "मी म्हणत नव्हतो? आपली धाकटी असं बोलणारच नाही." तो हसला, नाक पुसलं. वहिनी म्हणाली, "मी चहा टाकते," आणि भिंतीला धरून उठली. हद्दबाईला रडू आलं, आणि ते तिने येऊ दिलं. लहानपणी शाळेतून आल्यावर ती ह्याच उंबऱ्यावर बसायची.

दादाचं डोकं सावकाश चालायचं, पण चालायला लागलं की मधे थांबायचं नाही. तो किल्ली हातात फिरवत होता.

"म्हणजे 'अलीकडच्या चार रांगा' म्हणजे ह्याच," तो म्हणाला.

"हो."

"आपल्या."

"हो, दादा."

"टेकडीला टाकायच्या होत्या त्या."

तेव्हा कुठे तिला दिसलं की हे बोलणं कुठे चाललंय. नकाशातली अर्धी बाजूच बघून ती घरातून निघाली होती.

"तू आमच्यासाठी मुद्दाम लिहिलंस म्हणून मी रांगेभर सांगत फिरलो," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "ही आजारी, दवाखाना जाणार, सगळं तुला ठाऊक. आणि तू आम्हाला कापायलाच बसली होतीस. त्या कारकुनाने चुकीचं वाचलं म्हणून वाचलो आम्ही."

"नकाशा वरून आला होता. रेघ मी काढत नाही रे, मी फक्त..."

"लिहितेस. माहीत आहे."

आतून कपबशीचा आवाज येत होता. दादाने चष्मा काढला आणि हातातच धरला.

"कोर्टात बोललीस त्याचा राग मी कधीतरी गिळला असता," तो म्हणाला. "वाटलं होतं, गेली ती पलीकडे, परकी झाली. परक्याने कापलं तर माणूस काय बोलणार? पण तू म्हणतेस, लिहितानासुद्धा आम्ही तुला अलीकडचेच होतो. मग हात कसा चालला गं तुझा?"

वहिनी चहा घेऊन आली. दोघांच्या तोंडाकडे बघून तिने कप खाली ठेवले आणि काही न विचारता आत गेली. हद्दबाईने कप उचलला आणि तसाच पुन्हा खाली ठेवला. दादाने चष्मा घातला, कानस उचलली आणि राहिलेली किल्ली घासायला घेतली.